पंचेचाळीस वॅट, आठ ओहम आणि जड झालेलं डोकं

पत्र थोडक्यात: एकसष्ट वर्षांच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. त्यांचे पती दीड वर्षापूर्वी गेले. घरातला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर हा पतींचा प्रांत. बत्तीस वर्षं दोघांनी मिळून ऐकलं, पण बटणांना यांनी कधी हात लावला नाही. आता स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कडा भुगा होऊन गळाली आहे आणि आवाज फाटतो. ॲम्प चालू आहे. त्यावर दर बाजूला ४५ वॅट, ८ ओहम असं लिहिलंय, मागे तारा जोडतात तिथे ‘६ ते १६ ओहम’ असं छापलंय आणि आवाजाच्या नॉबपाशी पतींनी चिकटवलेला एक लाल ठिपका आहे. खोली तेरा फूट लांब, अकरा फूट रुंद. संध्याकाळी, एकमेकांचं बोलणं ऐकू येईल इतक्याच आवाजात गाणं लावायची सवय. दुकानात दोन जोड्या ऐकल्या. एक उंच, जमिनीवर उभी राहणारी: ९० डेसिबल, ४ ओहम, १५० वॅट. दुसरी छोटी: ८५ डेसिबल, ८ ओहम, १०० वॅट. दुकानदार म्हणतो, ४५ वॅटचा ॲम्प यांना पुरणार नाही, ९० वॅटचा नवा घ्या. पतींचे मित्र म्हणतात, ॲम्प ठेवा, त्याला जुळणारे ४५ वॅटचेच स्पीकर शोधा. मुलगा म्हणतो, सगळं काढ आणि आतच ॲम्प असलेले स्पीकर घे. “मोठे स्पीकर भारी वाटले खरे, पण पंधरा मिनिटांनी डोकं जड झालं. छोट्यांमध्ये काही विशेष जाणवलं नाही. मला यातलं कळत नाही. कोणाचं ऐकू?”

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र ‘कोणाचं ऐकू?’ या प्रश्नावर संपतं, पण माझं मन त्याच्या थोडं आधी अडलं. पंधरा मिनिटांनी डोकं जड झालं, हे तुम्ही जाता जाता, काहीशा संकोचाने लिहिलंत. तिघांच्या सल्ल्यांपेक्षा मला त्या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला. पहिल्या दोन मिनिटांत कुठलाही मोठा स्पीकर भारी वाटतो. पाऊण तासानंतर उठून जावंसं वाटतं की बसून राहावंसं, ते बघायचं असतं. तुमच्या कानांनी ती परीक्षा कोणी न सांगता घेतली आणि निकालही दिला. छोट्यांमध्ये ‘काही विशेष जाणवलं नाही’ हासुद्धा मी दोष धरत नाही. स्पीकर जाणवला नाही, म्हणजे तुम्ही बहुधा गाणं ऐकत होतात.

तेव्हा ‘मला यातलं कळत नाही’ हे मी मान्य करणार नाही. तुम्हाला आकड्यांची भाषा येत नाही, एवढंच. शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ऐकण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले लोक होते आणि कसलंही प्रशिक्षण नसलेलेही होते, आणि समोर कुठला स्पीकर वाजतोय हे कोणालाच दिसत नव्हतं. प्रशिक्षितांचे गुण जास्त नेमके पडले, पण आवडीचा क्रम दोन्ही गटांचा जवळपास सारखाच निघाला. त्याआधी, १९९४ मध्ये, त्यांनी आणि फ्लॉइड टूल यांनी हेही दाखवलं होतं की तेच स्पीकर डोळ्यांसमोर असले की लोकांचे गुण बदलतात. आकार आणि नाव दिसलं की ते कानातही शिरतं. दुकानात उंच, चकचकीत जोडीसमोर उभं राहून ‘भारी’ वाटणं यात तुमची काही चूक नाही. जाणकारांचंही तेच होतं.

शिवाय ती तुलनाच सरळ नव्हती. ९० आणि ८५ हे जे डेसिबलचे आकडे आहेत, त्यांचा अर्थ असा: दोन्ही स्पीकरना ॲम्पने सारखंच व्होल्टेज दिलं, म्हणजे ठरलेले २.८३ व्होल्ट, तर एक मीटर अंतरावर आवाज किती येईल. दुकानदाराने नॉब न हलवता एका जोडीवरून दुसरीवर नेलं असेल, तर मोठी जोडी ५ डेसिबल जास्त मोठ्याने वाजत होती. कानाची एक खोड आहे. आवाज एखाद्या डेसिबलने वाढला तर तो ‘मोठा झाला’ असं आपल्याला वाटत नाही, ‘जास्त चांगला’ वाटतो. इथे तर पाचांचा फरक होता. म्हणून पुन्हा ऐकायला जाल तेव्हा आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. मोबाइलवरचं आवाज मोजणारं साधं ॲप, मोबाइल एकाच जागी ठेवून वापरलं, तर एवढ्या कामाला पुरतं. हे न करता केलेली कुठलीही तुलना मी धरत नाही.

आता वॅटचं बोलू, कारण दुकानदार आणि तुमचे स्नेही दोघंही एकाच गैरसमजातून उलट्या दिशांना गेले आहेत. दोघांनाही वाटतं की ॲम्पचे वॅट आणि स्पीकरचे वॅट एकमेकांशी जुळायला हवेत. ॲम्पवरचा आकडा सांगतो, तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो. स्पीकरवरचा आकडा सांगतो, तो जास्तीत जास्त किती सोसू शकतो. पुलावर २० टनांची पाटी असली म्हणून त्यावरून सायकल न्यायची नाही असं नसतं. १५० वॅटचा स्पीकर १५० वॅट मागत नाही. आणि मुद्दाम ४५ वॅटचेच स्पीकर शोधत बसणंही नको.

तुम्हाला खरोखर किती लागतात, ते आपण मोजूच. छोटी जोडी घ्या, ८५ डेसिबलची. एक वॅट दिला की एका मीटरवर ८५. दोन स्पीकर मिळून साधारण ८८. तुम्ही आठ फुटांवर बसता असं धरलं तर अंतरामुळे फार तर ८ डेसिबल कमी होतील, उरले ८०. घरात भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे प्रत्यक्षात घट याहून कमीच असते. ८० हा काही गप्पा मारत ऐकण्याचा आवाज नाही. तुमची सवय बघता ७० सुद्धा भरपूर झाले. १० डेसिबल कमी म्हणजे दहावा हिस्सा शक्ती. म्हणजे तुमची संध्याकाळ एका वॅटच्या दहाव्या भागात पार पडते! गाण्यात अचानक चढणाऱ्या जागा असतात, थाप असते, तारसप्तकातली हाक असते, त्यांच्यासाठी २० डेसिबलची मोकळीक ठेवू. त्याला शंभरपट शक्ती लागते, म्हणजे १० वॅट. तुमच्याकडे ४५ आहेत. दुकानदाराने सुचवल्याप्रमाणे ९० वॅटचा ॲम्प आणलात, तर जमा होतील फक्त ३ डेसिबल, कारण शक्ती दुप्पट केली की एवढीच भर पडते.

कमी वॅटच्या ॲम्पने स्पीकर जळतो, असंही कोणीतरी सांगेल. त्यात तथ्य आहे, पण ते मोठमोठ्याने वाजवणाऱ्यांसाठी. ॲम्पला त्याच्या ताकदीबाहेर पिळलं की लहरींचे माथे कापले जातात, आवाज कर्कश होतो आणि तो ताण बारीक स्वर वाजवणाऱ्या छोट्या ट्वीटरवर येतो. आवाज कर्कश झाला की नॉब मागे घ्यायचा, एवढं लक्षात ठेवा.

जुळणीचा खरा प्रश्न ओहमचा आहे, आणि तुमच्या तीनही सल्लागारांनी नेमका तोच सोडला. ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युतप्रवाहाला होणारा विरोध. आकडा जितका लहान, तितका ॲम्पला जास्त प्रवाह पुरवावा लागतो आणि तितका तो तापतो. तुमच्या ॲम्पच्या मागे ६ ते १६ लिहिलंय आणि उंच जोडी ४ ओहमची आहे. हळू आवाजात कदाचित वर्षानुवर्षं काही होणारही नाही. पण ज्याने तो ॲम्प बनवला त्याने मर्यादा छापून ठेवली आहे, ॲम्प म्हातारा आहे आणि तुम्हाला तो जपायचा आहे. मी ती जोडी त्याला लावणार नाही.

त्यात आणखी एक बारकावा आहे, तो कळला की ९० चा रुबाब उतरतो. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक वॅट खर्च होतो. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट दिले की दोन वॅट खर्च होतात. म्हणजे उंच जोडीने आपले ९० दोन वॅट घेऊन मिळवले आहेत. वॅटला वॅट लावून बघितलं तर ती ८७ ची आहे. छोटीपेक्षा दोनच डेसिबल पुढे.

छोट्या स्पीकरचा आकडा कमी असतो याला कारणही आहे. जोसेफ अँटन हॉफमन नावाचे अभियंते होते, केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ त्यांचा. त्यांनी मांडलेला नियम असा की लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तिसरं सोडावं लागतं. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरून प्रसारण करणाऱ्या गाड्यांमध्ये बसावा म्हणून एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर तयार केला. त्याचा आकडा ८२-८३ च्या आसपास, म्हणजे तुमच्या छोट्या जोडीहूनही कमी. माणसाचा आवाज खरा वाटावा यासाठी तो आजही नावाजला जातो. ८५ ला घाबरू नका.

मात्र छोट्या जोडीबद्दल दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: ‘याचा कमीत कमी इम्पीडन्स, म्हणजे ओहममधला विरोध, किती?’ पेटीवर लिहिलेले ८ ओहम हे ढोबळ असतात. प्रत्यक्षात हा विरोध स्वरागणिक वरखाली होतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ८ लिहायचं तर तो ६.४ च्या खाली जाता कामा नये, पण सगळे ते पाळत नाहीत. उत्तर सहाच्या आसपास आलं तर निर्धास्त राहा. साडेतीन आलं, तर पेटीवर काहीही लिहिलेलं असो, तुमच्या ॲम्पसाठी तो ४ ओहमचाच स्पीकर आहे.

पत्रात खोलीची मापं दिलीत, ते फार बरं केलंत. बहुतेक लोक तेवढंच लिहायचं विसरतात, आणि आवाज सगळ्यात जास्त बदलते ती खोली. मी स्वतः पहिले स्पीकर घरी आणले तेव्हा ते दिसायला नीट दिसावेत म्हणून दोन कोपऱ्यांत लावले. प्रत्येक पुरुष गायक पिंपात तोंड घालून गातोय असं वाटायचं. मी ॲम्पला दोष दिला, तो बदलायला निघालेही होते. मग एके दिवशी झाडताना स्पीकर दोन फूट पुढे ओढले आणि ते तसेच राहिले. संध्याकाळी गाणं लावलं तर शब्द स्वच्छ ऐकू येत होते. ते आठवलं की अजून हळहळ वाटते, कारण त्याआधीचं जवळजवळ एक वर्ष मी नाहक वाया घालवलं होतं.

तेरा फूट लांबीची खोली साधारण ४३ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४३ कंपनांच्या खोल स्वराला, स्वतःहून घुमते, अकरा फुटांची रुंदी ५१ च्या आसपास. उंच स्पीकर हे खोल स्वर जोरात काढतात आणि खोली ते आणखी फुगवते. तुमचं डोकं दुकानात जड झालं, पण ती जोडी तुमच्या खोलीत आली असती तर हे घुमणंही वर आलं असतं. छोटे स्पीकर त्या स्वरांपर्यंत पोहोचतात तेव्हाच क्षीण होत आलेले असतात. तेरा बाय अकराच्या खोलीत हे त्यांचं उणेपण तुमच्या पथ्यावर पडेल.

ते घेतलेत तर कपाटात कोंबू नका. स्टँडवर ठेवा, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीवर येईल असे. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, दोघांमध्ये साडेसहा-सात फूट, आणि तोंडं किंचित तुमच्या खुर्चीकडे वळवलेली. गायिकेचा आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधून, हवेतून येतोय असं वाटलं की जागा बसली. भिंतीला टेकवल्यावाचून गत्यंतर नसेल, तर ज्याच्या पेटीला मागे भोक नाही असा, म्हणजे बंद पेटीचा किंवा पुढे भोक असलेला स्पीकर बघा. जमिनीवर सतरंजी आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर ते तसंच राहू द्या.

पण ताई, नव्या स्पीकरना हात घालण्याआधी दोन कामं आहेत.

पहिलं, ॲम्प जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्या. जुन्या ॲम्पमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वयाबरोबर सुकतात. नॉब फिरवताना खरखर येते का, एक बाजू मधेच हळू होते का, गाणं बंद असताना गुणगुण ऐकू येते का, हे तुम्ही घरीच बघू शकता. पण एक गोष्ट मीटरनेच कळते: स्पीकरच्या जोडणीवर डीसी व्होल्टेज किती येतंय. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असलं तर बहुतेक काळजी नसते. जास्त असेल तर नवे स्पीकर त्याला जोडू नका. बिघडलेला ॲम्प नव्या स्पीकरची कॉइल, म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं, जाळू शकतो.

दुसरं, जुने स्पीकर टाकू नका, आणि तूर्त वाजवूही नका. फोमची कडा झिजणं हे त्या फोमचं आयुष्य संपणं आहे, स्पीकरचं नव्हे. पडदा आणि कॉइल धड असेल तर नुसती कडा बदलून मिळते. स्पीकर बंद असताना मोठ्या पडद्यावर दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून अगदी हलकेच, सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला नाही, तर ते वाचण्याची चांगली आशा आहे. बत्तीस वर्षं ज्या आवाजाची सवय आहे तो कदाचित एवढ्याशा दुरुस्तीवर अडला असेल. हा पर्याय तुम्हाला कोणीच दिला नाही, याचं मला वाईट वाटलं. दुरुस्ती होऊन आली आणि ऐकून समाधान झालं, तर बाकीचं माझं पत्र बाजूला ठेवा.

मुलाच्या म्हणण्याकडेही नीट बघायला हवं. तो जुनं मोडीत काढायला निघालाय असं तुम्हाला वाटलं असेल, पण आतच ॲम्प असलेले स्पीकर ही चांगली, विचारपूर्वक केलेली रचना असते. जुळणीची सगळी डोकेदुखी बनवणाराच सोडवून देतो. उणं एवढंच की बहुधा दोन्हींना विजेची जोडणी लागते आणि आतली विद्युत यंत्रणा गेली की ठीकठाक स्पीकरही मुके होतात. मेकॅनिकने ॲम्पबद्दल नकारार्थी मान हलवली, तर मी मुलाचंच ऐकायला सांगेन. ॲम्प धडधाकट निघाला आणि जुने स्पीकर वाचले नाहीत, तर छोटी जोडी, आणि तीही आठवडाभर घरी ऐकून परत करता येईल या बोलीवर.

घरी ऐकताना नवं काही लावू नका. तुम्हाला पाठ असलेली दोन-तीन ध्वनिमुद्रणं पुरेत. एकात एकटा मानवी आवाज हवा. एकात तानपुरा हवा, कारण त्याच्या तारांमधून निघणाऱ्या स्वरांचं ते झळाळतं जाळं वाईट स्पीकरवर नुसतं भणभणतं. रोजच्याच आवाजात ऐका, रोजच्याच वेळी. आणि ॲम्पवर ‘लाउडनेस’ असं बटण आहे का बघा. जुन्या ॲम्पवर बहुधा असतं. आवाज हळू केला की कान खर्जाला जास्त बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. ते बटण हीच तूट थोडी भरून काढतं. हळू ऐकणाऱ्यासाठीच ते बनवलंय, तेव्हा ते दाबताना अपराधी वाटून घेऊ नका.

तारांवर वेळ घालवू नका. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार तीन-चार मीटरला पुष्कळ झाली. लाल टोकाला लाल, काळ्याला काळं, दोन्ही बाजूंना सारखंच जोडलंय ना एवढं पाहा. एका बाजूला उलटं झालं तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज मधोमध उभा राहत नाही.

आणि तो लाल ठिपका. दुकानदाराने तो बघून ‘इतक्या खालीच वाजवता का, मग नॉब पुढे नेल्यावर ॲम्प किती कमी पडेल’ असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. नॉबच्या जागेवरून वॅट कळत नाहीत. तो फक्त येणारा आवाज किती आत सोडायचा ते ठरवतो. गाणं कशावरून लावलंय त्यानुसार कधी अर्ध्या नॉबलाच ॲम्पची सगळी ताकद वापरून होते. छोटे स्पीकर आले तर तुमचा रोजचा आवाज त्या ठिपक्यावर मिळेलच असं नाही, बहुधा थोडं पुढे जावं लागेल. तेव्हा गोंधळू नका आणि तो ठिपका काढूही नका. पहिल्या संध्याकाळी नॉब तुमच्या हाताने फिरवा, जिथे बरं वाटेल तिथे थांबा, आणि शेजारी तुमचा एक लावा, दुसऱ्या रंगाचा.